ॲक्शन फिगर जमवणं आणि त्यांचं परीक्षण लिहिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्शन फिगर, पुतळा आणि बाहुली यांत फरक काय?

पुतळा एकाच पवित्र्यात कायमचा उभा असतो. फिगरला सांधे असतात, त्यामुळे तिला वाकवायचं, बसवायचं की लढवायचं हे तुम्ही ठरवता. बाहुली आणि फिगर यांच्यातली रेघ मात्र विक्रीच्या सोयीने ओढलेली आहे. १९६४ साली हॅसब्रोने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक अमेरिकेत बाजारात आणला. हातपाय हलणारी, कपडे बदलता येणारी ती बाहुलीच होती. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने कंपनीने 'ॲक्शन फिगर' असं नाव पुढे केलं आणि तेच रुळलं.

या भेदाचं प्रकरण पुढे अमेरिकेत थेट कोर्टात गेलं. तिथल्या जुन्या आयातशुल्कात बाहुल्यांवर १२ टक्के कर होता, इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. ज्यात फक्त माणसाचं रूप आहे तीच बाहुली, असा नियम. मार्व्हलच्या फिगर विकणाऱ्या टॉय बिझने दावा केला की आमचे एक्स-मेन माणसं नाहीतच, आणि २००३ साली तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने तो मान्य केला. ज्यांची सगळी कथाच 'आम्हीही माणसंच आहोत' या हट्टावर उभी आहे, ती पात्रं कर वाचवण्यापायी माणसांतून उठली!

स्टार वॉर्सच्या फिगरना या छंदात एवढा मान का?

कारण आज आपण ज्याला 'लाइन' म्हणतो, ती एकाच मापाची, एकाच जगातली, अंक लावून जमवता येणारी मालिका तिथून रुजली. त्याआधी १९७२ पासून मेगो कंपनीचे आठ इंची सुपरहिरो होते. कापडी पोशाख, खाली सगळ्यांना जवळजवळ तेच शरीर. स्टार वॉर्सचा परवाना मेगोने नाकारला आणि तो केनर या खेळणी कंपनीकडे गेला. १९७७ च्या मे महिन्यात चित्रपट झळकला तेव्हा केनरकडे फिगर तयार नव्हत्या. नाताळ तोंडावर आलेला. मग त्यांनी चक्क रिकामा लिफाफा विकला: आत पुठ्ठ्याचा स्टँड, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते पाठवलं की ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू पुढच्या वर्षी टपालाने घरी. लोकांनी तो घेतला. आजच्या प्रीऑर्डरवर वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

केनरचा दुसरा निर्णय जास्त दूरगामी ठरला. त्यांनी पावणेचार इंचांचं माप घेतलं. बारा इंची माणसाला बसेल असं लढाऊ यान केलं असतं तर ते पलंगाएवढं झालं असतं. माणूस लहान झाला म्हणून त्याचं यान विकता आलं.

१:१२, १:६ ही मापं कशी वाचायची?

खरी उंची भागिले दुसरा आकडा. सहा फुटी माणूस १:१२ मध्ये सहा इंचांचा होतो, १:६ मध्ये बारा इंचांचा आणि १:१८ मध्ये चार इंचांच्या आसपास. नेका आणि मॅकफार्लेन या कंपन्यांच्या सात इंची फिगर साधारण १:१० मध्ये मोडतात. त्या सहा इंची फिगरच्या शेजारी ठेवल्या की नायकाच्या बाजूला राक्षस उभा आहे असं वाटतं. ते तुम्हाला चालणार असेल तर प्रश्नच नाही.

खोक्यावरचं '६ इंच' हे मालिकेचं नाव समजा. प्रत्येक फिगरची उंची ती नसते, नसावीही. हल्क आणि वुल्व्हरिन सारख्या उंचीचे निघाले तर ती लाइन सोडून द्यावी.

सुरुवात कुठल्या लाइनपासून करू?

सहा इंचांपासून. इतक्या पात्रांची इतकी विविधता दुसऱ्या मापात मिळत नाही. मार्व्हल लेजंड्स २००२ साली टॉय बिझने सुरू केली आणि २००७ पासून ती हॅसब्रोकडे आहे. स्टार वॉर्सची ब्लॅक सिरीज २०१३ ची. जपानी बाजूला बांदाईच्या एस. एच. फिग्युआर्ट्स २००८ पासून निघतात, आणि मेडिकॉमची माफेक्स आहे. जपानी फिगर महाग पडतात, पण सोबत चारपाच जोड हात, दुसरे चेहरे आणि बारीक सामान येतं. त्या नाजूकही असतात. हाताळायची हौस असेल तर आधी एक साधी, दणकट फिगर घ्या आणि मग वर चढा. हॉट टॉइजच्या १:६ फिगर हा वेगळाच प्रांत आहे. काहींचे तर डोळेही आत फिरवता येतात. पण त्या एकदा उभ्या केल्या की बहुतेकांच्या तशाच उभ्या राहतात, आणि मग पुतळ्याशी फारसा फरक उरत नाही. माझं मत आहे, भांडायला हरकत नाही.

एक इशारा. 'बिल्ड-अ-फिगर' म्हणजे एका मालिकेतल्या प्रत्येक फिगरसोबत मोठ्या पात्राचा एकेक अवयव देण्याची क्लृप्ती. टॉय बिझने २००५ मध्ये तिच्यातून गॅलॅक्टस काढला. एका पायापायी नको असलेली तीन पात्रं घरात येतात. हे ठरवून करा, ओढले जाऊ नका.

खोका उघडावा की तसाच ठेवावा?

उघडावा. ज्या वस्तूचा सगळा गुण सांध्यांत आहे, ती प्लॅस्टिकच्या फुग्यामागे पडून राहिली तर तिचं अर्धं काम झालंच नाही.

दुसरी बाजूही सांगतो. जुन्या फिगरच्या बाबतीत कार्ड, म्हणजे फुगा ज्यावर चिकटवलेला असतो तो छापील पुठ्ठा, हाच इतिहास असतो: कुठल्या वर्षी छापलं, मागे किती पात्रांची चित्रं आहेत, त्यावरून तुकडी ओळखता येते. १९७८ च्या एखाद्या बंद पाकिटाला कात्री लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. आणि बंद ठेवल्याने वस्तू टिकतेच असंही धरू नका. प्लॅस्टिकमधून निघणारे वायू आतच कोंडतात, फुगा पिवळा पडतो, कार्डापासून सुटतो.

२०२२ मध्ये हॅसब्रोने बऱ्याच फिगरसाठी खिडकी नसलेले खोके आणले. प्लॅस्टिक वाचवण्याचा हेतू चांगला होता. पण आतला चेहरा नीट रंगलाय का हे घेण्याआधी कळेना, आणि आत भलतीच फिगर भरून खोका परत करणाऱ्यांचं फावलं. पुढच्याच वर्षी खिडकी परत आणण्याची घोषणा झाली.

सांधे चांगले आहेत हे कसं ओळखायचं?

मोजून तर मुळीच नाही. '३० पॉइंट्स ऑफ आर्टिक्युलेशन', म्हणजे तीस ठिकाणी हलते, हा आकडा खोक्यावर छापायला छान असतो. मनगटाचे, टाचेचे, मानेचे मिळून आकडा फुगतो आणि फिगर तरीही बसू शकत नाही.

पात्राला काय करावं लागतं ते आधी आठवा आणि तेवढंच करून बघा. स्पायडर-मॅन उकिडवा बसला पाहिजे, बोटं जमिनीला टेकली पाहिजेत आणि त्या अवस्थेत मान वर झाली पाहिजे. सुपरमॅन आडवा उडताना समोर बघू शकला पाहिजे. मानेत तेवढी मोकळीक नसेल तर तो जमीन न्याहाळत उडतो. स्टार वॉर्समधल्या जेडाय योद्ध्याला दोन्ही हातांनी एक तलवार धरता आली पाहिजे, आणि इथेच बहुतेक फिगर अडकतात. त्यासाठी खांदा छातीसमोर यावा लागतो. छातीच्या आत दडलेला बटरफ्लाय जॉइंट ते काम करतो. तो नसला तर कोपर कितीही वाको, दोन मुठी एकत्र येत नाहीत. आयर्न मॅनचं दुखणं वेगळं. खांद्यावरचं चिलखत बिजागरीवर उचललं जात नसेल तर हात कमरेच्या वर जाताना चिलखतावर आपटतो आणि रंग खरवडतो.

घोट्यांकडे कुणी बघत नाही. पाय फाकवून उभं केल्यावर तळवा सपाट टेकायला घोटा बाजूला झुकावा लागतो. याला अँकल रॉकर म्हणतात. तो चांगला असेल तर इतर चार उणिवा झाकल्या जातात. तो नसेल तर उत्तम घडणीची फिगर तळव्याच्या कडेवर डुगडुगत राहते आणि एके रात्री शेजारच्या सहा जणांना घेऊन खाली येते.

मग येतो केप. जाड प्लॅस्टिकचा केप दिसायला देखणा, पण त्याच्या वजनाने बॅटमॅन मागे कलंडतो, आणि पवित्रा कोणताही घ्या, केपाची घडी तीच. कडेला तार शिवलेला कापडी केप हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे.

सांधा दिसू नये यासाठीही बरीच कारागिरी झाली आहे. पूर्वी कोपर-गुडघ्यांत वेगळ्या रंगाची खीळ ठसठशीत दिसायची. २०२० नंतर हॅसब्रोने बऱ्याच फिगरमध्ये खीळ दिसणार नाही अशी जोडणी आणली. उघड्या हातांच्या पात्रांना याचा फार फायदा झाला.

रंगकामात काय बघावं?

डोळे. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला बघताहेत ना, एवढं आधी. माणसाचा चेहरा असलेल्या फिगरमध्ये आता बहुधा छपाई केलेले चेहरे येतात. हातभर अंतरावरून ते विलक्षण जिवंत दिसतात, फार जवळून बारीक ठिपके दिसतात. जुन्या हातरंगाच्या चेहऱ्यांपेक्षा ही मोठीच प्रगती आहे. फक्त छपाई किंचित सरकली तर ओठ हनुवटीकडे जातात. बाकी कमरपट्ट्यावर रंग बाहेर आला असेल तर दुर्लक्ष करा.

नवी फिगर हातात आली. आधी काय करू?

काहीही जोरात फिरवू नका. रंग वाळताना सांधा चिकटलेला असू शकतो, आणि पिळ दिला की आतली खीळ तुटते; सांधा तिथेच राहतो. त्या भागावर हेअर ड्रायरची ऊब द्या किंवा गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा. उकळतं नको. प्लॅस्टिक मऊ झालं की अंदाज घेत, थोडं पुढे थोडं मागे करत सोडवा. हात बदलतानाही हाच उपाय. वाकडी आलेली तलवार गरम पाण्यात सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा, म्हणजे तो आकार पक्का होतो. बॅटरीची, दिवे लागणारी फिगर अर्थातच पाण्यापासून लांब.

सैल झालेला सांधा घट्ट होतो का?

बहुतेक वेळा होतो. सांध्यात पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशचा पातळ थर सोडायचा, वाळेपर्यंत अधूनमधून हलवत राहायचं. जाडी वाढते, पकड येते. काही जण सुपरग्लू वापरतात. त्यात क्षणभर हात थांबला तर सांधा कायमचा बंद होतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

१९८२ पासूनच्या पावणेचार इंची जी. आय. जो फिगर कमरेतून लोंबायला लागल्या तर घाबरू नका. त्यांचा वरचा आणि खालचा भाग एका रबरी कड्याने ओढून धरलेला असतो आणि ते रबर वयाने तुटतं. पाठीतला स्क्रू काढून नवं कडं घातलं की फिगर पुन्हा तरतरीत. इतकी दुरुस्त करण्याजोगी रचना नंतर फारशी कुणी केली नाही.

फिगर चिकट का होते? पांढरी फिगर पिवळी का पडते?

चिकटपणा पीव्हीसीचा. ते मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतात. उष्णता आणि कोंडलेली हवा असली की लवकर. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, एवढ्याने जातं. परत येऊ शकतं. मग परत धुवायची.

पिवळेपणाला अतिनील किरण आणि उष्णता जबाबदार असतात, प्लॅस्टिकमधली द्रव्यंही. एकाच फिगरचे हात पिवळे आणि धड पांढरं, असंही होतं, कारण अवयव वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश वापरून रंग उतरवता येतो, पण काही काळाने पिवळेपणा परत आल्याचा अनेकांचा अनुभव आहे आणि रंगवलेल्या भागांची वाट लागते. त्यापेक्षा शेल्फ उन्हातून हलवा.

कृत्रिम चामड्याच्या जॅकेटला मात्र औषध नाही. पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या आर्द्रतेने फुटतो आणि पापुद्रे निघतात. १:६ फिगर घेताना हे धरून चाला. जुन्या ट्रान्सफॉर्मर्सपैकी (रूप बदलणाऱ्या रोबोंपैकी) काहींमध्ये चमकदार सोनेरी प्लॅस्टिक वापरलेलं आहे. ते इतकं ठिसूळ होतं की रूपांतर करायला गेलं की हातात चुरा येतो. तशांना बघावं फक्त.

नकली माल कसा ओळखायचा?

नव्या फिगरच्या बाबतीत खोक्यापासून सुरू करा. परवाना देणाऱ्याचं आणि उत्पादकाचं नाव आहे का, छपाई धूसर आहे का, पाठीमागचा मजकूर भलत्याच पात्राचा आहे का. नकली फिगर बऱ्याचदा मूळ फिगरवरूनच साचा काढून करतात. साच्यातून निघताना प्लॅस्टिक आकसतं, म्हणून ती किंचित लहान भरते आणि बारीक रेषा बुजलेल्या दिसतात. खरी फिगर शेजारी ठेवली की लगेच कळतं. झणझणीत वास, तेलकट पृष्ठभाग, अंगापेक्षा वेगळ्या छटेचे हात ही पुढची लक्षणं.

जुन्या मालात फसवणूक अधिक हुशार असते. केनरच्या स्टार वॉर्स लाइनमधल्या पहिल्या काही जावांना (जावा हे त्यातलं बुटकं, झगा घातलेलं पात्र) प्लॅस्टिकचा केप होता, तो लवकरच बदलून कापडी झगा आला. त्यामुळे प्लॅस्टिकवाला जावा दुर्मीळ, आणि म्हणूनच ओबी-वानचा केप कापून त्याच्या अंगावर चढवणारे लोक आहेत. दुसरं मोठं जाळं म्हणजे शस्त्रं. एवढीशी पिस्तुलं हरवलेली असतात, नव्याने बनवलेली विकली जातात. खरं शस्त्र पाण्यावर तरंगतं अशी एक चाचणी सगळ्यांच्या तोंडी आहे. तिच्यावर विसंबू नका, तरंगणाऱ्या नकलाही निघाल्या आहेत. आणि कुणी क्षेपणास्त्र उडवणारा जुना बोबा फेट (हाही स्टार वॉर्सचाच) 'दुकानातून घेतलेला' म्हणून दाखवला तर नमस्कार करून निघा. तो १९७९ मध्ये जाहीर झाला होता, पण सुटा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकेल या भीतीने विक्रीला आलाच नाही. घरोघरी गेला तो क्षेपणास्त्र घट्ट बसवलेला. उडवणारे आहेत ते कंपनीतले चाचणीचे नमुने.

परीक्षण लिहायचंय. कुठून सुरू करू?

आधी फिगरशी खेळा. आठवडाभर तरी. पहिल्या तासात जे लक्षात येतं ते फोटोतही दिसतं: घडण, रंग, चेहऱ्याचं साम्य. वाचक तुमच्याकडे येतो ते फोटोत न दिसणारं विचारायला. उभी राहते का? चौथ्यांदा हात बदलल्यावर मनगटाची खुंटी ढिली झाली का? पिस्तूल मुठीत बसतं की बोटं ताणून पांढरी पडतात?

'कोपराला दुहेरी सांधा आहे' हे वाक्य खोक्यावरून उतरवता येतं. 'मूठ खांद्याला टेकते, पण दंडाचं चिलखत मध्ये येत असल्याने धनुष्य ओढता येत नाही' हे वाक्य हाताळल्याशिवाय लिहिता येत नाही. परीक्षणभर दुसऱ्या जातीची वाक्यं असावीत. उंची स्वतः मोजून लिहा. त्याच लाइनमधल्या एका जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या फिगरशेजारी उभी करून दाखवा, कारण आकड्यापेक्षा वाचकाला शेजार लवकर समजतो. शरीराचा साचा जुन्या पात्राचा उचललेला असेल तर ते सांगा. तो गुन्हा नाही. सगळ्या कंपन्या तेच करतात, आणि चांगला साचा पुन्हा वापरला तर बिघडतं काय? पण घेणाऱ्याला ते माहीत हवं.

दोष सांगताना तो साच्याचा की तुमच्या नगाचा हे वेगळं करा. तिरका डोळा हे एका नगाचं नशीब. न वळणारी मान सगळ्यांच्या वाट्याला येणार.

दहापैकी गुण देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना सात आणि नऊ यांच्या मध्येच मिळतात, आणि वाचक फक्त तेवढंच वाचून निघून जातो.

पात्र आवडतं असेल तर परीक्षण निःपक्ष राहतं का?

राहत नाही, आणि राहायची गरजही नाही. 'हे माझं लाडकं पात्र आहे' एवढं वर लिहून टाका. प्रश्न येतो फुकट मिळालेल्या नमुन्याचा. कंपनीने किंवा दुकानाने फिगर पाठवली असेल तर ते पहिल्या परिच्छेदात सांगा, तळटीपेत नाही.

फोटो कसे काढू?

खिडकीजवळ, कडक ऊन टाळून, कॅमेरा फिगरच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून काढलेल्या फोटोत सगळे सुपरहिरो ठेंगणे होतात. परीक्षणासाठी एक साधा, सरळ उभा फोटो समोरून आणि एक मागून हवाच. धूर, ठिणग्या, इमारतीवरून उडी हे सगळं त्यानंतर. पारदर्शक स्टँड वापरला असेल तर तो फोटोतून पुसू नका. फिगर स्वतःहून तशी उभी राहते असा समज होतो.

ही गुंतवणूक होऊ शकते का?

नाही म्हणूनच धरा. जुन्या फिगरना किंमत आली कारण बहुतेक मुलांनी त्या खेळून मोडल्या. आज हजारो लोक त्याच फिगर बंद खोक्यात जपून ठेवताहेत, मग दुर्मीळ काय होणार? शिवाय मागणी वाढली की कंपनी तोच साचा पुन्हा चालवते.

हॅसलॅबसारख्या आगाऊ मागणीच्या योजनांत पैसे टाकावेत?

हॅसलॅब ही हॅसब्रोची योजना: पुरेशा मागण्या आल्या तरच वस्तू बनते. वस्तू अशी असेल की ती दुकानात कधीच येणार नाही, तर जरूर. २०१८ मध्ये स्टार वॉर्समधल्या जब्बाची नौका पाच हजार मागण्यांची अट घालून अशीच निघाली. मागून मार्व्हल लेजंड्सचा दोन फुटांहून उंच सेंटिनेल आणि त्याहून उंच गॅलॅक्टस. पैसे आधी, वस्तू वर्षाने किंवा त्याहून उशिरा. एकच गोष्ट आधी करा: फूटपट्टी घेऊन शेल्फच्या दोन फळ्यांमधली उंची मोजा.

सुटे हात, चेहरे, पिस्तुलं कुठे ठेवायची?

प्रत्येक फिगरची वेगळी झिप पिशवी, तिच्यावर पात्राचं नाव आणि लाइन. फक्त 'बॅटमॅन' लिहू नका, पाच बॅटमॅन होतातच. पिशवीत पारदर्शक पीव्हीसी आणि रंगवलेला भाग एकमेकांना चिकटून ठेवू नका, उन्हाळ्यात रंग उतरतो. मध्ये साधा कागद घाला. दिव्यांच्या बॅटऱ्या काढून मगच ठेवा. आणि मनगटाच्या खुंट्या, त्या एवढ्याशा असतात, त्यांची एक निराळी डबी करा, कारण एका फिगरची खुंटी तुटली की त्याच लाइनमधल्या दुसरीची बहुधा चालते.